शाळेचे संमेलन आणि आपण सभासद



या पानावर एरवी मी आपणाशी बेणेप्रक्रिया, सरीतील अंतर, खोडव्यातील पाचट, हुमणीचा बंदोबस्त असल्या गोष्टींविषयी बोलत असतो. आजचा विषय निराळा आहे. "ऊस सोडून सायबाला शाळेचं काय पडलंय?" असे कोणी म्हणेल. म्हणू द्या. परंतु गेल्या हंगामात एका गावी जे पाहिले ते अद्याप मनातून जात नाही, आणि त्यात थोडा दोष आमच्या शेतकी खात्याचाही आहे. म्हणून लिहावेसे वाटले.

जानेवारीचे दिवस होते. गाळप ऐन भरात, गावोगाव तोडी चालू. त्या गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या वार्षिक स्नेहसंमेलनाचे मला निमंत्रण होते. वेळ सायंकाळी सहाची. मी सव्वासहाला पोहोचलो. शाळेच्या व्हरांड्यासमोर मंडप, पुढे सतरंज्यांवर मुले, त्यांच्या मागे आया, आज्या, कडेवरची पोरे. पुरुष मंडळी मी सहज मोजली तर चौदा भरली. त्यांतले पाचजण आम्ही व्यासपीठावरचे पाहुणे आणि दोघे लाऊडस्पीकरवाले. शाळेचा पट ऐंशीच्या वर. मग या मुलांचे बाप गेले कुठे?

गावात होते, पण शाळेत नव्हते. त्यांची नावे मात्र शाळेत होती. देणगीदारांची यादी वाचायला गुरुजींना अर्धा तास लागला. अमुक यांजकडून रुपये ५०१, तमुक यांजकडून रुपये ११०१, फलाण्यांकडून बक्षिसांच्या वह्या. बहुतेक सारी नावे आपल्याच सभासदांची. हात आखडता घेणारी माणसे नव्हेत आपली. फक्त ती नावे ऐकून टाळ्या वाजवायला ती माणसे तिथे नव्हती.

चौथीतली एक मुलगी सावित्रीबाईंचे काम करीत होती. नऊवारी नेसलेली, हातात पाटी. दोन वाक्ये झाली की तिची नजर मंडपाच्या तोंडाकडे जायची. एकदा अशीच पाहता पाहता पुढचे वाक्य विसरली. बाईंनी मागून सांगितले, मग पुढे चालू झाले. नेमक्या त्याच वेळी माझ्या खिशातला फोन थरथरला. बाहेर येऊन घेतला. "साहेब, सकाळपासनं ऊस तोडून पडलाय, ट्रॅक्टरचा पत्त्या न्हाई." आवाज ओळखीचा. ते त्या मुलीचे वडील आहेत, हे मला ठाऊक होते. मी म्हणालो, "ट्रॅक्टरचं बघतो. पण तुमची पोरगी इथं स्टेजवर आहे, तुम्ही का नाही आला?" पलीकडून क्षणभर शांतता. मग उत्तर आले, "आवं, पाचशे एक दिल्यात की!"

मी त्यांना हसलो नाही. हसण्याचा मला अधिकार नाही. त्याच्या दोन हंगाम आधी माझ्या स्वतःच्या मुलीचे संमेलन होते. ती तिसरीत, समूहनृत्यात शेवटच्या रांगेत. पहिले गाणे संपते न संपते तोच एका बांधावरून फोन आला. दोन चुलतभावांत तोड कुणाची आधी यावरून जुंपली होती. मी उठलो आणि गेलो. भांडण मिटायला रात्रीचे दहा वाजले. खरे सांगायचे तर ते मी न जाता दुसऱ्या दिवशी सकाळीही मिटले असते. घरी आलो तेव्हा तोंडावरचा रंग तसाच ठेवून मुलगी झोपली होती. आईने पुसू दिला नाही म्हणे, मला दाखवायचा होता. सकाळी तिने काही विचारले नाही. विचारले असते तर बरे झाले असते.

तेव्हा हे लिहिणे कुणाला उपदेश म्हणून नव्हे. आपण सगळे एकाच बोटीत आहोत.

हंगामाची अडचण मला कळत नाही असे नाही. आपला हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. शाळांची संमेलने, बालआनंद मेळावे, क्रीडास्पर्धा, तीन जानेवारीची सावित्रीबाईंची जयंती, सव्वीस जानेवारीचे झेंडावंदन हे सारे नेमके त्याच काळात. तोडलेला ऊस चोवीस तासांत गव्हाणीत पडला पाहिजे, नाहीतर वजन घटते, उतारा घटतो, हे मीच तुम्हाला बैठका घेऊन सांगतो. वर्ष-सव्वा वर्ष सांभाळलेले पीक, आडसाली असेल तर दीड वर्षाचे. ते बांधावर वाळत पडलेले असताना कोणाचे चित्त सतरंजीवर लागेल? हे सगळे खरे. पण हेही खरे, की संमेलन वर्षातून एकच संध्याकाळ असते. आणि ज्यांचा ऊस त्या दिवशी तुटत नव्हता, ज्यांची तोड अजून महिनाभर लांब होती, असेही पुष्कळजण त्या संध्याकाळी चौकात बसलेले मी येताना पाहिले.

मी लहान असताना आमच्या गावी संमेलनाचे स्टेज म्हणजे उसाच्या दोन ट्रॉल्या. एकीला एक लावून, वर फळ्या टाकून, पडद्याला घरातल्या चादरी. हंगाम असल्याने ट्रॉल्या मिळायची मारामार. मग ट्रॉलीवाला सभासद दुपारची खेप टाकून यायचा, ट्रॉली धुऊन शाळेपुढे लावायचा, आणि आता ट्रॉली आपलीच म्हटल्यावर कार्यक्रम संपेस्तोवर तिथेच बसायचा. पहाटे पुन्हा तीच ट्रॉली फडात. माझे वडील निरक्षर. पण संमेलनाला पहिल्या रांगेत बसत, आणि काही कळो न कळो, प्रत्येक नाटुकल्याला टाळी देत. त्या काळी सगळे सोन्याचे होते असे मी म्हणणार नाही. सातवीतल्या मुलींना नाचू देत नसत, आणि काही वस्त्यांवरची माणसे मंडपाच्या कडेला उभ्यानेच पाहत. ते गेले हे चांगलेच झाले. पण त्याबरोबर ट्रॉलीवालाही गेला. आता मंडपवाला भाड्याने स्टेज देतो, आपण पावती फाडतो, आणि आपले काम झाले असे वाटते.

सहकाराची आणि शाळेची सोयरीक आपल्या भागात जुनी आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. पुढे साताऱ्याच्या वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. पण केवळ दागिन्यांवर ती संस्था उभी राहिली नाही. गावोगावच्या रयतेने धान्य दिले, अंगमेहनत केली, आपली मुले दिली. आपल्या धंद्यातलेच उदाहरण हवे असेल तर वारणानगर पाहा. तात्यासाहेब कोरे यांनी साखर कारखान्याच्या माळावर मुलांचा वारणा बालवाद्यवृंद उभा केला आणि खेड्यातली पोरे मोठमोठ्या रंगमंचांवर वाजवून आली. कारखाना काढणाऱ्या माणसाला पोरांच्या हातात वाद्ये द्यावीशी वाटली, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. पण ती वाद्ये ऐकायला बसणारी माणसेही लागतात.

आता कोणी विचारेल, तीन तास सतरंजीवर बसून मिळते काय? मी पाहिलेल्या दोन गोष्टी सांगतो.

एका शाळेत बालआनंद बाजार भरला होता. पोरांनी घरच्या मळ्यातली मेथी, कोथिंबीर, लिंबे, कुणी भेळ, कुणी उकडलेल्या शेंगा आणून मांडलेल्या. आपले एक ज्येष्ठ सभासद, वजनकाट्यावर किलोकिलोचा हिशेब घालणारे, एका पोराकडे दहाची पेंडी पाचाला मागू लागले. पोरगे म्हणाले, "आजोबा, परवडत न्हाई. बी, पाणी, माझी मजुरी, काय धरणार का न्हाई?" सभोवतालची माणसे हसली, आजोबांनी निमूट दहा रुपये काढले. पन्नासाची नोट होती. पोराने चाळीस परत दिले, पाठोपाठच्या बाईच्या तीन पेंड्यांचा हिशेब तोंडी केला, शंभरातून सत्तर दिले. पलीकडे त्याचा बाप उभा होता. बापाची समजूत अशी, की पोराला वजाबाकी येत नाही, कारण चाचणीच्या पेपरावर लाल रेघा. गुरुजीही तेच म्हणत होते. त्या दिवशी दोघांनी एकदमच पाहिले की वजाबाकी येते, ती कागदावर मांडता येत नाही, एवढेच. दोघे तिथेच लिंबाखाली उभे राहून पंधरा मिनिटे बोलले. एरवी त्या बापाची आणि गुरुजींची गाठ वर्षातून एकदा, दाखल्यापुरती.

दुसरी गोष्ट बायकांची. एका संमेलनात कार्यक्रम लांबला. पाहुणे आले, शाल-श्रीफळ झाले, भाषणे झाली, पाहुणे गेले. मागे राहिल्या आया. तीन तास बसल्यावर काहींना शाळेच्या स्वच्छतागृहाकडे जावे लागले. तिथे पाण्याचा थेंब नव्हता. नळ होता, टाकीही होती, पण टाकीपर्यंत येणारी पाइप केव्हाची फुटलेली. पोरी दिवसभर काय करत असतील, असा प्रश्न तिथे पहिल्यांदा त्यांना पडला. मुलींनी घरी कधी सांगितले नव्हते. काही मुली तर शाळेत पाणीच पीत नव्हत्या. त्याच रात्री त्या बायकांनी घरोघरी जे ऐकवायचे ते ऐकवले. पुढच्या आठवड्यात एका सभासदाने ठिबकच्या कामातली उरलेली पाइप आणि गडी दिला, पाणी सुरू झाले. आम्ही पाहुणे त्या शाळेत कितीदा गेलो असू. आम्हाला हे कधी दिसले नाही, कारण आम्ही कधी शेवटपर्यंत बसलोच नाही.

पाहुण्यांचा विषय निघाला म्हणून कबूल करतो. एका वर्षी मी स्वतः संमेलनात भाषणाला उभा राहून खोडवा व्यवस्थापनावर तब्बल पंचवीस मिनिटे बोललो. समोर पहिलीची पोरे ससे आणि कासवे होऊन बसलेली. एक ससा झोपी गेला. तेव्हापासून मी दोन मिनिटांवर बोलत नाही, आणि आपल्या संचालक व पदाधिकारी मंडळींनाही, लहान तोंडी मोठा घास घेऊन, तेच सुचवतो. बक्षिसे मुलांच्या आयांच्या हस्ते द्यावीत. एका गावी तसे केले. एकाही बाईला जागेवरून उठवावे लागले नाही.

कायद्यानेही आपल्याला शाळेत जागा दिली आहे. शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत, आणि निम्म्या स्त्रिया. कारखान्याच्या वार्षिक सभेत पोटनियमाच्या एका शब्दावरून आपण माइक ओढून घेतो. पण शाळेच्या समितीचे रजिस्टर पुष्कळ गावांत सहीसाठी घरोघर फिरते. कुणी गोठ्यात सही करते, कुणी चुलीपुढे. काय ठराव झाला ते कुणी वाचत नाही. मग पट घसरला, शिक्षकाचे पद गेले, दोन गुरुजींवर चार वर्ग आले, की आपण म्हणतो, झेडपीची शाळा आता राहिली नाही, आणि पोरांना पिवळ्या गाडीत बसवतो. पिवळ्या गाडीवर माझा राग नाही. ज्याने त्याने आपल्या लेकराचे पाहावे. मात्र त्या शाळांच्या संमेलनाला आपण शंभर-शंभर रुपयांची तिकिटे काढून, इस्त्रीचे कपडे घालून, वेळेवर जातो, मोबाइलवर चित्रे काढतो. तिथे तोड आडवी येत नाही. असे का, याचा प्रत्येकाने विचार करावा.

आणि आता जी गोष्ट सांगायला हे सगळे लिहिले ती.

ज्या संमेलनाचे मी वर सांगितले तिथे कंपाउंडच्या भिंतीवर दहा-बारा पोरे बसली होती. अड्ड्यावरची. आपल्या फडांत तोड करणाऱ्या टोळ्यांची. दसरा-दिवाळीच्या सुमारास ही कुटुंबे गाव सोडून येतात, हंगाम संपला की परत जातात. म्हणजे मुलांचे शाळेचे निम्मे वर्ष इथे, आपल्या शिवारात, कोपीत जाते. थोरली पोर धाकट्याला सांभाळते, वाढ्याच्या पेंढ्या बांधते. साखरशाळा झाल्या, हंगामी वसतिगृहे झाली, तरी पुष्कळ मुले आईबापांबरोबर येतातच. कायदा सांगतो की वर्षाच्या मध्यात आलेल्या मुलालाही शाळेने दाखल करून घ्यायचे, वयाप्रमाणे वर्गात बसवायचे. त्या शाळेच्या बाईंनी अड्ड्यावर जाऊन सात मुले आणली होती. त्यांतली दोन लेझमीत होती. इतरांची पावले चुकत होती, त्या दोघांची नाही.

त्यांचे आईबाप कुठे होते, हे मला विचारायची गरज नव्हती. ते मीच ठरवलेल्या कार्यक्रमाप्रमाणे गावच्या दुसऱ्या टोकाला ट्रॉली भरत होते. लेझीम संपता संपता एकजण फाटकाशी आला. थेट फडातून. कमरेला कोयत्याचे फडके तसेच, अंगावर उसाची कुसे. आत येईना. मी गेलो आणि म्हणालो, "या की आत." तो म्हणाला, "असल्या कपड्यांवर कसं बसावं, सायेब?" तेवढ्यात आपले एक सभासद उठले आणि काही न बोलता सतरंजीवर सरकून त्यांनी जागा केली. तो मांडी घालून बसला. लेझीम संपली होती. पण बाईंनी ते पाहिले असावे, कारण शेवटी वंदे मातरमच्या आधी लेझीम पुन्हा एकदा झाली.

त्या पोराला मोळी बांधताना मी नंतर फडात पाहिले. मला पाहून त्याने लेझमीचा एक ठेका धरून दाखवला. हंगाम संपल्यावर टोळी गेली. बाईंनी त्याला शिक्षण हमी कार्ड करून दिले होते, म्हणजे त्याचे इथले महिने त्याच्या गावच्या शाळेत धरले जातील.

तर माझे म्हणणे असे. तोडणी कार्यक्रम लागण नोंदीच्या तारखेप्रमाणे चालतो आणि तो चाललाच पाहिजे. त्यात कुणासाठी मागेपुढे करता येणार नाही. परंतु एका गावची एक संध्याकाळ मोकळी करणे हे मागेपुढे करणे नव्हे. आठ दिवस आधी कळले तर त्या दिवशीचा थोडा ऊस दुसऱ्या गटातून ओढता येतो, त्या गावच्या टोळ्यांना दुपारी तीनच्या आत भरणी उरकायला सांगता येते. त्याच दिवशी दुपारी कळले तर काहीच करता येत नाही. मी हे आमच्या वरिष्ठांपुढे मांडले आहे. निर्णय त्यांचा. तोवर माझ्या हाती असलेल्या गटांपुरते मी सांगू शकतो, की मुख्याध्यापकांनी डिसेंबर अखेरीपर्यंत संमेलनाची, आनंद बाजाराची तारीख गट ऑफिसला लिहून कळवावी. चिटबॉयकडे चिठ्ठी दिली तरी चालेल. सर्व गावांच्या तारखा वजनकाट्याजवळच्या फलकावर लावू. मुकादमांनाही कळवू. ज्या सभासदाची तोड त्या दिवशी येत असेल त्याने तक्रारीऐवजी आदल्या दिवशी भेटावे, मार्ग निघतो.

देणगी द्यायची तर जरूर द्यावी. पण ती स्वतः नेऊन द्यावी, आणि लगेच परतू नये. येताना शेजारच्या अड्ड्यावरून एक हाक मारून यावे.

आमच्या मुलीच्या शाळेचे संमेलन जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आहे. यंदा ती नाटकात आहे. वाक्ये पाच आहेत, मला सगळी पाठ झाली. त्या दिवशी सायंकाळी पाचपासून माझा फोन बंद राहील. तोडीसंबंधी काही असल्यास गट ऑफिसात ओव्हरसिअर हजर असतील, त्यांच्याकडे नोंद करावी.